दोष तारेचा की भिंतींचा?

गेल्या वर्षी एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे एक कागद पाठवला. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या सभागृहातील ध्वनियंत्रणेसाठी देणगी दिली होती आणि हा कागद म्हणजे त्या यंत्रणेचे कोटेशन होते. सोबत एवढीच चिठ्ठी : "सर, तुम्ही भौतिकीवाले. मी सही करण्यापूर्वी एकदा नजर घालाल का?"

अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, दोन मायक्रोफोन यांच्या किमती वाजवी होत्या. खटकली ती त्याखालची ओळ. 'ऑक्सिजनमुक्त तांब्याची खास ऑडिओ केबल' मीटरवर मोजून लावली होती आणि तिची रक्कम एकूण देणगीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरत होती. हॉलमध्ये शब्द नीट कळत नाहीत याचे कारण जुनी वायर, ती आवाजातला बारकावा 'खाऊन टाकते', असे दुकानदाराने बाईंना समजावले होते.

मी फोन केला तेव्हा बाईंनी सहज म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली. स्नेहसंमेलनाला सगळी शाळा हॉलमध्ये दाटीवाटीने बसते, तेव्हा याच जुन्या सेटवरचे निवेदन शेवटच्या रांगेपर्यंत नीट कळते. एखाद्या व्याख्यानाला मात्र नववी-दहावीची ऐंशी मुले तेवढी बसलेली असतात, तेव्हा मागच्यांना काही म्हणता काही समजत नाही.

"दोन्ही वेळा वायर तीच असते ना?" मी विचारले.

क्षणभर पलीकडे शांतता. "तीच की," बाई म्हणाल्या. "मग बदलतं काय?"

बाईंच्या या प्रश्नाकडे आपण परत येणारच आहोत. त्याआधी ही खास केबल शाळेच्या कोटेशनपर्यंत पोचली कशी, ते पाहायला हवे.

घरी उत्तम प्रतीचे संगीत ऐकण्याची हौस असणाऱ्यांचा एक पंथ जगभर आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही मंडळी स्पीकरला जोडायला विजेच्या दिव्याची साधी दुपदरी वायर वापरत. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'स्पीकरसाठी खास वायर' ही कल्पना बाजारात आली आणि पाहता पाहता तिचा स्वतंत्र धंदा झाला. आज काही हजार डॉलरच्या जोड्या विकल्या जातात. आपल्याकडेही मोठ्या शहरांत त्या मिळतात. त्यांची माहितीपत्रके वाचण्यासारखी असतात. एकाच स्फटिकाचे तांबे, चांदीचा मुलामा, तारांची विशिष्ट पीळ, 'इलेक्ट्रॉनांचा विनाअडथळा प्रवास'. परीक्षणे तर त्याहून काव्यमय : आवाजावरचा पडदा दूर झाला, स्वरांमागची शांतता अधिक काळी झाली, तबल्याला हाडामांसाचे शरीर आले. या वर्णनांत एकही राशी अशी नसते की जी मोजून कुणी 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकेल. यातील शब्द शास्त्रातून उचललेले असतात, पण दावा मात्र शास्त्राच्या हाती लागू नये अशा बेताने केलेला असतो. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

आता जे मोजता येते ते मोजू. दहावीचा ओहमचा नियम पुरेसा आहे.

विजेच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तिचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तार, म्हणजे ०.०७ ओहम. स्पीकर ८ ओहमचा धरला तर तारेत जाणारा व्होल्टेजचा हिस्सा एक टक्क्याहूनही कमी. डेसिबेलच्या भाषेत ०.०७५. निवांत खोलीत, काळजीपूर्वक तुलना केली, तर माणसाच्या कानाला पाव ते अर्ध्या डेसिबेलच्या आसपासचा फरक जेमतेम जाणवतो. एरवी एक डेसिबेलही चटकन कळत नाही.

चांदीचे काय? चांदी तांब्यापेक्षा अधिक चांगली वाहक आहे हे खरेच, पण फक्त सहा टक्क्यांनी. म्हणजे चांदीची तार घेण्याऐवजी तांब्याची तार सहा टक्के जाड घेतली की काम झाले. ऑक्सिजनमुक्त तांब्याचा फायदा त्याहून कमी, सुमारे एक टक्का, कारण वायरिंगचे साधे तांबे मुळातच ९९.९ टक्के शुद्ध असते. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की तांब्याचा रोध जवळपास ०.४ टक्क्याने वाढतो, हे ज्यांना आठवते त्यांना गंमत कळेल. ऑक्सिजन काढून जे कमावले ते खोली अडीच अंशांनी तापली की गेले. चांदीचा सगळा फायदा पंधरा अंशांत संपतो. नागपूरच्या रसिकाने जानेवारीत तांब्याच्या तारेवर ऐकलेले गाणे मे महिन्यात चांदीच्या तारेवर ऐकले, तर तारेच्या दृष्टीने तो जवळजवळ होता तिथेच आहे.

'त्वक् परिणामा'चाही माहितीपत्रकांत फार बोलबाला असतो. वारंवारता वाढते तसा प्रत्यावर्ती प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत सरकतो, हे खरे आहे. तांब्यात २०,००० हर्ट्झला, म्हणजे कानाच्या अगदी वरच्या टोकाला, ही खोली ०.४७ मिलिमीटर भरते. आपल्या तारेची त्रिज्या ०.९ मिलिमीटर. त्यामुळे त्या टोकाला रोध फार तर पाव पटीने वाढेल. ०.०७ ओहमची पाव पट! डेसिबेलमध्ये साधारण दोन शतांश. आणि चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसाला पंधरा हजार हर्ट्झच्या वरचे सहसा ऐकूच येत नाही, हा भाग निराळाच.

पण मला सर्वांत नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ही पाच मीटरची राजेशाही तार स्पीकरच्या खोक्यापाशी संपते. आत काय असते? चुंबकाच्या फटीत हलणारे, एनॅमल लावलेल्या बारीक तारेचे वेटोळे. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये या वेटोळ्याचाच रोध सहा ओहमच्या आसपास असतो. बाहेरच्या ०.०७ ओहमवर पैसे ओतायचे आणि आतल्या सहा ओहमबद्दल चकार शब्द काढायचा नाही! जोरात वाजवल्यावर हे वेटोळे तापते. ते शंभर अंशांनी तापले तर त्याचा रोध चाळीस टक्क्यांनी वाढतो. बरे, दिलेल्या विद्युत शक्तीपैकी घरगुती स्पीकर ध्वनीत रूपांतर करतो ती एक टक्का किंवा त्याहून कमी, बाकीची उष्णता. चांगला अ‍ॅम्प्लिफायर मूळ तरंगाचा आकार शेकडा एक शतांशाहूनही कमी बिघडवतो, तर स्पीकर खालच्या स्वरांत जोराने वाजवताना सहज शेकडा एक किंवा अधिक बिघडवतो. विजेचे तरंग हवेच्या तरंगांत बदलणारा हा कागदाचा शंकू साऱ्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. म्हणून एका स्पीकरचा आवाज दुसऱ्यासारखा नसतो, आणि तो फरक ओळखायला कुणाला प्रशिक्षण लागत नाही.

(भिंतीतल्या सॉकेटपासून यंत्रापर्यंतच्या दीड मीटरसाठी 'शुद्ध विजेची' केबलही मिळते. तिच्यामागे महावितरणच्या रोहित्रापासून आलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आणि खांबावरचे पिळून केलेले जोड असतात, एवढेच नमूद करतो.)

हे सारे गणित मी माझ्या एका मित्राला सांगितले होते. तो शास्त्रीय संगीताचा जाणकार, संग्रह मोठा आणि कान तयार. त्याने एका बऱ्या मोटारसायकलच्या किमतीची केबल घेतली होती. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुझं गणित बरोबर असेल. पण मला फरक ऐकू येतो त्याचं काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही विज्ञानवाले इथे बरेचदा चुकतो. सूत्र तोंडावर फेकतो आणि समोरच्याला भोळा ठरवून मोकळे होतो. कान हे असामान्य इंद्रिय आहे. ऐकू येणाऱ्या सर्वांत मंद आवाजात हवेचे कण अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतर हलतात, आणि तरी आपण तो ऐकतो. शिवाय क्षुल्लक वस्तूने आवाज बदलतो याचा पुरावा आपल्याच घरात आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा पाहा. तो केसभर इकडे-तिकडे केला की जवारी लागते किंवा मिटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांच्या या रुंद, वक्र घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ओळंबलेल्या पृष्ठभागावर तार टेकत-सुटत राहिल्याने वरचे उपस्वर कसे उमटतात, हा त्याचा विषय. मिरजेचा कारागीर ते रोज कानाने साधतो. दोऱ्याला किंमत नाही, पण डोळ्यांवर पट्टी बांधूनही कुणालाही फरक सांगता येतो. तेव्हा 'एवढ्याशा गोष्टीने काय होणार' हा आपला युक्तिवाद असता कामा नये. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावरही फरक सांगता येतो का, एवढेच विचारायचे.

मित्र खिलाडू वृत्तीचा. एका रविवारी आम्ही तसा प्रयोग केला. माझी विजेच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि त्याची केबल. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे पलंगपोस टांगला. पोसामागे वहिनी बसल्या. दर वेळी त्यांनी नाणे उडवायचे, छापा आला तर एक केबल, काटा आला तर दुसरी, आणि वहीत नोंद करायची. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसलो, कारण कोणती केबल लावली हे माहीत असलेला माणूस समोर असला की त्याचा चेहराच उत्तर सांगतो. तबकडी मित्रानेच निवडली : अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या मुद्रणांची नवी आवृत्ती. (त्या काळच्या तबकड्यांवर सहा-सात हजार हर्ट्झच्या वर फारसे काही उमटत नसे, हे मी तेव्हा बोललो नाही.) नंतर एक आधुनिक मुद्रणही घेतले. एकूण बारा फेऱ्या.

बारापैकी सात बरोबर.

हे आकडे वर्गात वापरण्यासारखे आहेत. नुसते नाणे उडवून उत्तरे दिली तर बारापैकी सहाच्या आसपास बरोबर येणार. दहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४०९६ पैकी ७९, म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित कमी. म्हणून दहा आले असते तर मी माझे गणित पुन्हा तपासले असते. नऊ आले असते तर आणखी बारा फेऱ्या घ्यायला लावल्या असत्या, कारण नऊ किंवा अधिक नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता सात टक्के आहे. सातावरून मात्र काहीच सांगता येत नाही. आणि नेमके सांगायचे तर, 'जगात कुणालाच फरक ऐकू येणार नाही' हेही त्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की आदल्या दिवशी 'जमीन-अस्मानाचा' असलेला फरक पलंगपोस टांगताच नाहीसा झाला.

अशा चाचण्या आमच्या आधी पुष्कळांनी, आमच्यापेक्षा काटेकोरपणे केल्या आहेत. अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने १९८३ साली स्पीकरच्या तारांची चाचणी छापली. त्यात फार बारीक तार ओळखू आली, कारण तिच्या रोधामुळे आवाजाची पातळीच उतरत होती. पण साधी जाड वायर आणि नामांकित केबल यांतला फरक संगीत ऐकताना श्रोत्यांना सांगता आला नाही. त्याहून बोलका प्रयोग फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडला. त्यांनी चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते. पडद्याआड असताना एका छोट्या, स्वस्त संचाने मोठ्या, देखण्या स्पीकरांच्या तोडीस तोड गुण मिळवले. पडदा काढताच त्याचे गुण घसरले आणि देखण्यांचे वाढले. आवाज तोच, कान तेच. २००७ साली जादूगार जेम्स रँडी यांनी सुमारे सव्वासात हजार डॉलरची केबल साध्या केबलहून ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही.

मग मित्राला जे ऐकू येत होते ते काय? तो खोटे बोलत नव्हता. केबल बदलायला माणूस उठतो, पुन्हा येऊन बसतो, डोके पाच-दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे होते. स्पीकरमधून थेट आलेले आणि भिंतीवरून परतलेले तरंग कानापाशी एकमेकांत मिसळतात, आणि वरच्या स्वरांत एवढ्या सरकण्याने काही डेसिबेलचा फरक पडू शकतो. आवाजाच्या बारीक छटांची स्मृती तर काही सेकंदच टिकते. त्यात भर म्हणून नवी वस्तू आणली की आपण जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि आजवर निसटलेली एखादी हरकत पहिल्यांदाच कानावर येते. ती तबकडीवर होतीच. श्रेय केबलला जाते.

तार कधीच महत्त्वाची नसते, असे मात्र कुणी यातून समजू नये. लांबी आणि जाडी यांना महत्त्व आहेच. शाळेच्या मैदानावर साठ मीटरवर कर्णा लावायचा आणि ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर ओढायची, तर जाऊन-येऊन १२० मीटरचा रोध पावणेतीन ओहम होतो. ८ ओहमच्या कर्ण्याला जायची ती पाव शक्ती तारेतच जळते. म्हणून सभेच्या अ‍ॅम्प्लिफायरवर '१०० व्होल्ट लाइन' असे वेगळे टोक असते. व्होल्टेज वाढवून प्रवाह कमी करायचा आणि कर्ण्यापाशी रोहित्र लावून ते पुन्हा उतरवायचे. कोयनेची वीज मुंबईला उच्च दाबाने का नेतात, हे मुलांना शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. तबकडीची सुई किंवा मायक्रोफोन यांचे संदेश फार क्षीण असतात. तिथे तारेची धारिता, तिच्यावरचे जाळीचे आवरण, पन्नास हर्ट्झची गुणगुण हे खरे प्रश्न आहेत. आणि स्नेहसंमेलनात ऐन वेळी आवाज जातो तो शंभरातल्या नव्वद वेळा मायक्रोफोनच्या पिनेतला डाख सुटल्याने, असा माझा अनुभव आहे. त्यावर उपाय दहा रुपयांचा, पण तो कोटेशनमध्ये कधी येत नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. वायर तीच, सेट तोच. गर्दीच्या दिवशी शब्द कळतात, ऐंशी मुले असली की कळत नाहीत. बदलते काय? बदलतात ती माणसे.

हा शोध सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात वक्त्याचे बोलणेच कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकावर ते दुरुस्त करण्याचे काम आले. त्याच्याजवळ साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान. रिकाम्या दालनात नळी बंद केल्यावर आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, काही ओळींवर पसरायच्या, निनाद किती सेकंद टिकतो ते मोजायचे आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत न्यायच्या. रात्रीची शांतता हवी म्हणून ही यातायात. यातून त्याला सूत्र मिळाले : निनादाचा काळ सेकंदांत = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण. शोषणाचे एकक त्याने कोणते घेतले असेल? उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल याच सूत्राच्या आधारे बांधले, आणि आजही ते जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

बाईंचे सभागृह २० मीटर लांब, १० मीटर रुंद, साडेचार मीटर उंच. घनफळ ९०० घनमीटर. जमीन शहाबादी फरशीची, भिंती गिलाव्याच्या, वर स्लॅब. सगळा पृष्ठभाग ६७० चौरस मीटर, पण असा टणक पृष्ठभाग ध्वनीचा शेकडा तीनच भाग शोषतो, म्हणजे २० एकके. खिडक्या उघड्या असल्या तर १५. एकूण ३५. भागाकार करा : ४.१ सेकंद. सुटसुटीत बसलेला एक मुलगा साधारण ०.३५ एकक शोषतो. ऐंशी मुलांची २८ एकके. निनाद २.३ सेकंदांवर येतो. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो. म्हणजे दहावे अक्षर उच्चारले जाते तेव्हा पहिले अजून हॉलमध्ये घुटमळत असते. संमेलनाला चारशे मुले दाटीने बसली, प्रत्येकी पाव एकक धरले, तरी शंभर एकके. निनाद एका सेकंदाच्या आसपास. बाईंना जे जाणवत होते ते सॅबिनच्या सूत्राने जसेच्या तसे आले.

अशा हॉलमध्ये आवाज वाढवून उपयोग होत नाही, कारण त्याबरोबर निनादही तितकाच वाढतो. तार बदलून तर काहीच होत नाही. अमेरिकेच्या २००२ सालच्या मानकात साध्या वर्गखोलीसाठी निनादाची मर्यादा ०.६ सेकंद ठेवली आहे. मोठ्या माणसांना अर्धवट ऐकू आलेले वाक्य अनुभवाने पुरे करता येते. लहान मुलांना ते जमत नाही, म्हणून ही मर्यादा इतकी कडक. आपल्याकडे किती वर्गांत ती पाळली जाते, हे प्रत्येकाने आपापल्या वर्गात एक टाळी वाजवून पाहावे.

घरच्या खोलीचा प्रकार थोडा वेगळा. तिथे निनादापेक्षा खालच्या स्वरांचे अनुस्पंदन छळते. मित्राची खोली चार मीटर लांब. समोरासमोरच्या भिंतींत ४३ हर्ट्झची स्थिर तरंगरचना तयार होते, मग ८६ ची, मग १२९ ची. मोबाइलवरचे स्वर निर्माण करणारे अ‍ॅप स्पीकरला जोडून आम्ही ८६ हर्ट्झ वाजवले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत गेलो. एका जागी डग्गा कानात घुसावा तसा आवाज, मीटरभर पुढे तो जवळजवळ गायब. दहा डेसिबेलचा फरक सहज होता. शेजारी ठेवा केबलचे ०.०७५ डेसिबेल. आणि मित्राची खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली! खुर्ची मीटरभर पुढे ओढली, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले, समोरच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी हलवली. फरक वहिनींनी स्वयंपाकघरातून सांगितला. केबल त्याने अजून काढलेली नाही. हौसेला मोल नसते, आणि पैसे त्याचे होते.

शाळेचे पैसे मात्र कुणा एकाच्या हौसेचे नसतात. मी बाईंना केबलची ओळ खोडायला आणि तिच्या जागी २.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर लिहायला सांगितले. हॉलच्या तीस मीटर ओढीला तीही थोडी कमी पडली असती, म्हणून १०० व्होल्टची जोडणी घ्यायला लावली. स्पीकर व्यासपीठाच्या वर छताशी टांगायचे होते, ते खाली आणून मुलांच्या डोक्यांकडे तोंड करून बसवले. उरलेल्या रकमेतून मागच्या भिंतीवर आणि एका बाजूला मिळून साठ चौरस मीटर लाकडी तंतूंचे फळे, मागे हवेची पोकळी सोडून, लावले. (कुणी गाद्यांचा फोम सुचवला तर नको म्हणा. तो चटकन पेटतो आणि धूर विषारी असतो.) या फळ्यांचे शोषण दर चौरस मीटरला ०.७ धरले तर ४२ एकके वाढतात, म्हणजे रिकाम्या हॉलचा निनाद ४.१ वरून १.९ सेकंदांवर यायला हवा.

मोजणी दहावीच्या मुलांनी केली. फुगा फोडायचा, मोबाइलवर ध्वनी मुद्रित करायचा, पातळी वीस डेसिबेलने उतरायला किती वेळ लागला ते आलेखावर पाहायचे आणि त्याची तिप्पट करायची. फळे लावण्यापूर्वी ३.८ सेकंद आले होते, नंतर दोनच्या आसपास आले. मुलांनी बाईंकडून बारा फुग्यांचे पैसे मागून घेतले आणि वहीत हिशेब लिहिला. ऐंशी मुले बसली की गणिताने १.४ सेकंद होतात. ते काही ०.६ नव्हे, पण मागच्या रांगेतल्या मुलाने परवा व्याख्यात्याला मध्येच प्रश्न विचारला, असे बाईंनी कळवले आहे. आता निनाद कमी झाल्यावर छताचे आठ पंखे किती खडखडतात ते सगळ्यांच्या लक्षात आले आहे, आणि त्यांची बेअरिंग बदलायला पैसे कुठून आणायचे याची चर्चा चालू आहे.